‘दास ब्रोट’चं लिंग आणि विभक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन शिकायला लागल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत जे शब्द भेटतात, त्यांत ‘ब्रोट’ असतोच. ब्रोट म्हणजे पाव, ब्रेड. शब्द एका अवयवाचा (म्हणजे एकाच उच्चारखंडाचा), उच्चाराला सोपा आणि रोज लागणारा. तरीही मराठी बोलणारा विद्यार्थी नेमका याच शब्दाशी अडखळतो, आणि त्याला कारण आहे. मला वेळोवेळी विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एवढा एक शब्द नीट मुरला की जर्मन नामांचा बराच मोठा भाग आपोआप सोपा होतो.

उच्चाराबद्दल आधी एक सूचना. जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. शेवटी अनुस्वार दिला आहे (ब्रोटं, आयनं, शायबं) तिथे आपण बोलताना ‘घरं’, ‘झाडं’ म्हणतो तसा आखूड स्वर उच्चारायचा. जर्मन लिपीत त्या जागी ‘e’ हे अक्षर असतं. ‘ब्रोटेन’, ‘ब्रोटेस’ यांतला ‘टे’सुद्धा असाच आखूड, त्यावर जोर द्यायचा नाही.

ब्रोटचं लिंग कोणतं?

नपुंसकलिंग. ‘दास ब्रोट’, म्हणजे ‘ते ब्रोट’. ‘देअर ब्रोट’ (तो) नाही आणि ‘दी ब्रोट’ही (ती) नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, कुठेही गेलात तरी यात फरक नाही. दह्याला, म्हणजे ‘योगुर्ट’ला, कुणी ‘देअर’ लावतं तर कुणी ‘दास’. लोण्याला, म्हणजे ‘बुटर’ला, प्रमाण भाषेत ‘दी’ लागतं, पण बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात लोक ‘देअर बुटर’ म्हणताना ऐकू येतात. ब्रोटच्या बाबतीत असा घोळ मुळीच नाही.

मग आम्ही सगळे ‘देअर ब्रोट’ का म्हणतो?

कारण आपल्या डोक्यात आधीच ‘तो पाव’ बसलेला आहे. मराठीतला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीजमध्येही तो शब्द पुल्लिंगीच. ‘ब्रेड’ इंग्रजीतून आला. इंग्रजीत नामांना लिंग नसतं, पण मराठीत येताना त्यालाही आपण ‘तो’ करून टाकलं. त्यामुळे जर्मन बोलताना तोंडातून ‘देअर’ निघतं.

इंग्रजी मातृभाषा असणाऱ्याला वस्तूला लिंग असतं ही कल्पनाच मुळापासून शिकावी लागते. आपल्याला ती आयती मिळालेली आहे, आणि तीही तीन लिंगांसकट. हिंदी किंवा फ्रेंच बोलणाऱ्याकडे दोनच लिंगं असतात, त्याला ‘दास’ कुठे ठेवायचं हे कळत नाही. आपल्याकडे तो, ती, ते असे तिन्ही कप्पे आहेत. फक्त कोणत्या कप्प्यात कोणता शब्द, हे जर्मनने वेगळं ठरवलेलं आहे. कप्पे मराठीचे वापरा, चिठ्ठ्या जर्मनच्या वाचा.

लिंग ओळखायचा काही नियम आहे का, की पाठच करायचं?

ब्रोटपुरतं पाठच करावं लागेल. नियम आहेत, पण ते इथे उपयोगी पडत नाहीत. उलट एक नियम फसवतो. एका अवयवाचे जर्मन शब्द बऱ्याचदा पुल्लिंगी असतात : देअर टे (चहा), देअर रायस (तांदूळ), देअर वाइन, देअर झाफ्ट (रस). त्याच चालीवर कुणी ‘देअर ब्रोट’ म्हणालं तर त्याचा तर्क चुकलेला नसतो, शब्दच वेगळा निघतो.

ब्रोट नपुंसकलिंगी का, याचं अर्थावरून काही उत्तर मिळत नाही. ते वंशपरंपरेने आलेलं आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या जर्मनमध्येही हा शब्द नपुंसकलिंगीच होता. डच, डॅनिश, स्वीडिश या भावंडांतही पावाचा शब्द त्याच मुळातला आहे आणि तिथेही तो नपुंसकलिंगीच आहे. आपलं ‘घर’ नपुंसकलिंगी का आणि ‘वाडा’ पुल्लिंगी का, याचं तरी आपण काय उत्तर देणार?

लक्षात ठेवायला मी विद्यार्थ्यांना एक रांग देतो. स्वयंपाकघरातल्या मूळ जिनसा आठवा : ते पीठ, ते मीठ, ते तेल, ते पाणी, ते अंडं, ते मांस. मराठीत सगळ्या नपुंसकलिंगी. आता जर्मन : दास मेल, दास झाल्त्स, दास य्योल, दास वासर, दास आय, दास फ्लाइश. एकूण एक नपुंसकलिंगी! दोन भाषांचं हे जुळणं योगायोगाचं आहे, पण आठवणीला फार उपयोगी आहे. पीठ, मीठ, पाणी एकत्र आलं की पाव होतो, म्हणून या रांगेच्या शेवटी ब्रोटला बसवा : दास मेल, दास झाल्त्स, दास वासर, दास ब्रोट. मोठ्याने दहादा म्हटलं की ‘देअर ब्रोट’ कानाला खटकायला लागतं.

मात्र यावरून मराठी लिंग जसंच्या तसं जर्मनला लावायचा मोह होऊ देऊ नका. दूध आपल्याकडे ‘ते’, तिकडे ‘दी मिल्श’. लोणी ‘ते’, तिकडे ‘दी बुटर’. साखर ‘ती’, तिकडे ‘देअर त्सुकर’. बटाटा ‘तो’, तिकडे ‘दी कार्टोफेल’. बिअरला आपण ‘ती’ म्हणतो, तिकडे ‘दास बिअर’.

अनेकवचन कसं होतं?

दी ब्रोटं. स्वर बदलत नाही, फक्त शेवटी तो आखूड स्वर लागतो.

इथे मराठी माणसाला एक मोठी देणगी मिळते. ‘घर’ हा शब्द घ्या. ते घर, अनेकवचन ती घरं. आता ब्रोट : दास ब्रोट, अनेकवचन दी ब्रोटं. शेवट जवळजवळ तोच ऐकू येतो. आणखी बारकाईने पाहा. ‘ती घरं’ म्हणताना आपण जो ‘ती’ वापरतो, तो दिसायला स्त्रीलिंगी एकवचनातल्या ‘ती’सारखाच असतो : ती खिडकी, ती घरं. जर्मनमध्येही अनेकवचनाचं ‘दी’ दिसायला स्त्रीलिंगी एकवचनाच्या ‘दी’सारखंच : दी मिल्श, दी ब्रोटं. “अनेकवचन झालं की शब्द स्त्रीलिंगी होतो का?” असा प्रश्न वर्गात हमखास येतो. होत नाही. ‘ती घरं’ म्हटल्याने घर जसं स्त्रीलिंगी होत नाही, तसंच.

एक सावधगिरी : मी ‘घर’ या मराठी शब्दाची चाल सांगतो आहे. घराला जर्मनमध्ये ‘दास हाउस’ म्हणतात आणि त्याचं अनेकवचन ‘दी हॉइझर’ असं वेगळंच होतं.

‘दी ब्र्योटं’ असं अनेकवचन मात्र करू नका. अनेक खाद्यशब्दांत स्वर बदलतो (देअर आप्फेल, दी एप्फेल, म्हणजे सफरचंदं, किंवा दी वुर्स्ट, दी व्युर्स्टं, म्हणजे सॉसेज), त्यामुळे तो मोह होतो. त्यातच ‘ब्र्योटशेन’ हा शब्द रोज कानावर पडतो आणि गोंधळ वाढतो. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पाव तर मोजता येत नाही. मग ‘दोन ब्रोट’ म्हणायचं की ‘दोन ब्रोटं’?

तुम्हाला काय म्हणायचं आहे त्यावर ठरतं.

पदार्थ म्हणून बोलायचं असेल तर आर्टिकलशिवाय (म्हणजे आधी ‘दास’, ‘आयन’ असं काही न लावता) एकवचन : ‘इश काउफं ब्रोट’, मी ब्रेड विकत घेतो. आख्खे लोफ मोजायचे असतील तर ‘त्स्वाय ब्रोटं’. लोफला वेगळा शब्दही आहे, ‘देअर लाइप’ : ‘आयन लाइप ब्रोट’. कापांसाठी ‘दी शायबं’ : ‘आयनं शायबं ब्रोट’ म्हणजे एक काप, ‘त्स्वाय शायबेन ब्रोट’ म्हणजे दोन काप. इथे शायबेन अनेकवचनात गेलं पण ब्रोट तसंच राहिलं, जसं आपण ‘दोन वाट्या भात’ म्हणतो.

तिसरा अर्थ पुस्तकात उशिरा भेटतो आणि घरात आधी. लोणी, चीज किंवा सॉसेज लावलेल्या कापालाही ‘आयन ब्रोट’ म्हणतात. कुणी म्हणालं की मी संध्याकाळी ‘त्स्वाय ब्रोटं’ खाल्ले, तर त्याने दोन आख्खे लोफ संपवले असं समजू नका. वर काहीतरी लावलेले दोन काप, एवढाच त्याचा अर्थ.

चारही विभक्ती एकदा सांगा.

एकवचन :
नोमिनाटिव्ह (कर्ता) : दास ब्रोट
आकुझाटिव्ह (कर्म) : दास ब्रोट
दाटिव्ह (ला, ना; म्हणजे चतुर्थी) : देम ब्रोट
गेनिटिव्ह (चा, ची, चे) : देस ब्रोटेस, किंवा देस ब्रोट्स

अनेकवचन :
नोमिनाटिव्ह : दी ब्रोटं
आकुझाटिव्ह : दी ब्रोटं
दाटिव्ह : देन ब्रोटेन
गेनिटिव्ह : देअर ब्रोटं

‘आयन’ (एक) लावायचं असेल तर : आयन ब्रोट, आयन ब्रोट, आयनेम ब्रोट, आयनेस ब्रोटेस. ‘काइन’ (एकही नाही) हुबेहूब तसंच चालतं, आणि त्याला अनेकवचनही आहे : काइनं ब्रोटं, काइनं ब्रोटं, काइनेन ब्रोटेन, काइनर ब्रोटं.

आता हा तक्ता नीट बघा. मूळ शब्द ‘ब्रोट’ स्वतः फार थोडा बदलतो. एकवचनात फक्त गेनिटिव्हला ‘एस’ लागतो. अनेकवचनात फक्त दाटिव्हला ‘न’ जोडला जातो. बाकी सगळं ओझं पुढचं आर्टिकल उचलतं. मराठीत नेमकं उलट आहे. आपण शब्दालाच वाकवतो, आधी सामान्यरूप आणि मग प्रत्यय : पाव, पावाला, पावाचा, पावांना. म्हणून मराठी माणूस जर्मन शब्दाच्या शेपटीकडे पाहत राहतो आणि त्याच्या तोंडाकडे त्याचं दुर्लक्ष होतं. जर्मन वाचताना नजर नामाच्या आधी ठेवायची सवय लावा.

दाटिव्ह अनेकवचनातला ‘न’ मी नेहमी विसरतो. काही युक्ती?

पुन्हा घराकडे चला. ते घर, ती घरं, घरांना. ‘ला’ होता तो अनेकवचनात ‘ना’ झाला, म्हणजे ‘न’ आला. दास ब्रोट, दी ब्रोटं, देन ब्रोटेन. इथेही चतुर्थीच्या अनेकवचनात ‘न’च आला, तोही दोनदा, आर्टिकलला आणि नामालाही. हे प्रत्यय एकमेकांचे नातलग आहेत असा माझा दावा नाही. पण कानाला जे जुळतं ते मनात राहतं, आणि माझ्या वर्गात ‘घर, घरं, घरांना, ब्रोट, ब्रोटं, ब्रोटेन’ हे पाढ्यासारखं म्हटलेलं विद्यार्थी वर्षभराने भेटले तरी म्हणून दाखवतात.

हा ‘न’ जवळपास सगळ्या जर्मन नामांना दाटिव्ह अनेकवचनात लागतो. अनेकवचन आधीच ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर लागत नाही : मिट देन कार्टोफेल्न, मिट देन पिझास.

कर्माच्या विभक्तीत ब्रोट बदलत नाही हे नक्की ना? मी तर ‘आयनेन’ शिकलो होतो.

नक्की. कर्माच्या विभक्तीत ‘देन’ आणि ‘आयनेन’ फक्त पुल्लिंगी एकवचनासाठी. चीज पुल्लिंगी आहे, म्हणून ‘इश एसं देन केझं’. ब्रोट नपुंसकलिंगी, म्हणून ‘इश एसं दास ब्रोट’. नपुंसकलिंगात कर्ता आणि कर्म कायम सारखेच दिसतात.

ही माझी स्वतःची चूक होती. जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत मी रोज ‘इश म्योश्टं आयनेन ब्रोट’ म्हणायचो. काउंटरमागच्या बाई रोज हसून ‘आयन ब्रोट, गेर्नं’ म्हणत आणि पाव हातात देत. मला वाटायचं त्या ऑर्डर पक्की करताहेत. आठवड्याभराने लक्षात आलं की त्या ‘आयनेन’ऐवजी ‘आयन’ म्हणताहेत, आणि मला न दुखावता दुरुस्त करताहेत. त्यानंतर ती चूक माझ्याकडून पुन्हा झाली नाही. भाषा शिकणाऱ्याने समोरच्याने आपलंच वाक्य परत म्हटलं की कान टवकारावेत.

दाटिव्ह नेमका कधी लागतो? ‘पावाला’ कुणी काही देत नाही!

बरोबर, पावाला देणं क्वचितच. पण जर्मनमध्ये कित्येक शब्दयोगींमागे दाटिव्ह येतो, आणि पावाच्या संदर्भात तेच सतत लागतात. ‘मिट’ (सह) : मिट देम ब्रोट. ‘फोन’ (पासून, पैकी) : फोन देम ब्रोट, जोडून ‘फोम ब्रोट’. ‘त्सु’ (सोबत) : ‘त्सुम ब्रोट’, म्हणजे ब्रेडबरोबर खायला. ‘इन’ (आत) : ‘इम ब्रोट’.

बायबलमधलं एक वाक्य जर्मन माणसाला म्हणीसारखं पाठ असतं : ‘देअर मेन्श लेप्ट निश्ट फोम ब्रोट आलाइन’, माणूस केवळ भाकरीवर जगत नाही. मराठीत आपण तिथे ‘भाकर’ म्हणतो, हेही किती स्वाभाविक आहे. या वाक्यातलं ‘फोम’ म्हणजे ‘फोन देम’. हे वाक्य पाठ केलंत तर दाटिव्ह कायमचा घरात आला.

‘आउफ्स ब्रोट’ आणि ‘आउफ देम ब्रोट’ यात फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘पावावर’च ना?

मराठीत दोन्ही ‘पावावर’च, आणि म्हणूनच मराठी इथे मदतीला येत नाही. सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जर्मन विचारतं : गोष्ट तिकडे जाते आहे, की तिथे आहे? लोणी सुरीने पावावर लावताना ते तिकडे जातंय, म्हणून आकुझाटिव्ह : ‘इश श्ट्राइशं बुटर आउफ्स ब्रोट’ (आउफ अधिक दास). लोणी लावून झालं, आता ते पावावर आहे, म्हणून दाटिव्ह : ‘दी बुटर इस्ट आउफ देम ब्रोट’. मराठीत हा फरक क्रियापदावरून कळतो : ‘लावतो’ आणि ‘आहे’. जर्मन तो क्रियापदातही दाखवतं आणि आर्टिकलमध्येही.

सरावासाठी न्याहारीला एक खेळ करा. लोणी लावताना ‘आउफ्स ब्रोट’ म्हणा, सुरी खाली ठेवली की ‘आउफ देम ब्रोट’. मग त्यावर चीज ठेवा : ‘देन केझं आउफ्स ब्रोट’. ठेवून झालं : ‘देअर केझं इस्ट आउफ देम ब्रोट’. हात, जीभ आणि डोळे एकाच वेळी काम करतात, आणि वहीत पन्नास वाक्यं लिहून जे होत नाही ते चार सकाळींत होतं.

गेनिटिव्ह ‘ब्रोटेस’ की ‘ब्रोट्स’? आणि बोलताना खरंच लागतो का?

दोन्ही बरोबर. एका अवयवाच्या शब्दाला लिहिताना ‘ब्रोटेस’ अधिक शोभतं. रोजच्या बोलण्यात लोक बऱ्याचदा गेनिटिव्ह टाळतात आणि ‘फोन’ वापरतात : पावाची किंमत, ‘देअर प्राइस देस ब्रोटेस’, बोलताना ‘देअर प्राइस फोम ब्रोट’. सुरुवातीला ‘फोम ब्रोट’वर भागेल. पण वाचताना गेनिटिव्ह ओळखता आलाच पाहिजे, कारण तो पाट्यांवर आणि बातम्यांत असतो. जर्मनीत 5 मे हा दिवस ‘टाक देस डॉइचेन ब्रोटेस’, जर्मन पावाचा दिवस, म्हणून साजरा होतो. या नावातच अख्खा धडा आहे : ‘देस’, विशेषणाला ‘एन’, नामाला ‘एस’.

एक जुनी म्हणही सांगतो : ‘वेस ब्रोट इश एस, देस लीट इश झिंग’. ज्याची भाकर खातो, त्याचं गाणं गातो. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आठवलं ना? पण रंग थोडा वेगळा आहे. आपल्याकडे ती निष्ठेची शाबासकी असते, जर्मन म्हणीत लाचारीची छटा आहे. व्याकरण बघायचं तर ‘वेस’ आणि ‘देस’ ही इथे सर्वनामांची जुनी गेनिटिव्ह रूपं आहेत, ‘ज्याचं’ आणि ‘त्याचं’. ‘ब्रोट’ मात्र ‘खातो’चं कर्म, म्हणून बदललेलं नाही.

विशेषण लावलं की माझी गाडी रुळावरून घसरते. फ्रिश, फ्रिशं, फ्रिशेस, फ्रिशेन… कोणतं कधी?

इथेही मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही. ताजा पाव, ताजी भाकरी, ताजं लोणी असं आपण विचार न करता म्हणतो. लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं आपल्या हाडीमाशी आहे. जर्मन त्यात एक गोष्ट जास्त बघतं : लिंग आधीच कुणी सांगितलंय का?

‘दास’ने लिंग सांगून टाकलं असेल तर विशेषण निवांत असतं : दास फ्रिशं ब्रोट. ‘आयन’ लिंग सांगत नाही (पुल्लिंगीलाही तेच लागतं), म्हणून ते काम विशेषणाला करावं लागतं : आयन फ्रिशेस ब्रोट. आर्टिकलच नसेल तरी तेच : फ्रिशेस ब्रोट. दाटिव्हमध्येही तोच न्याय : मिट देम फ्रिशेन ब्रोट, पण आर्टिकल नसेल तर मिट फ्रिशेम ब्रोट.

म्हणजे नपुंसकलिंगाची खूण ‘स’, दाटिव्हची खूण ‘म’, आणि ती खूण कुणीतरी एकाने दाखवायची. हा ‘स’ सगळीकडे सापडतो : दास, दीझेस (हे), वेल्शेस (कोणतं), फ्रिशेस, आणि सर्वनाम ‘एस’ (ते). ‘म’सुद्धा : देम, आयनेम, दीझेम, फ्रिशेम, ईम.

पाठ करायला एक ओळ देतो, ख्रिस्ती प्रार्थनेतली : ‘उन्झर टेग्लिशेस ब्रोट गिप उन्स हॉइटं’, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. ‘उन्झर’ला इथे काही शेवट नाही, म्हणून ‘टेग्लिशेस’ने ‘एस’ घेतला. लोकांच्या ओठांवर असलेली ही ओळ म्हणजे नपुंसकलिंगी आकुझाटिव्हचा सर्वांत सुंदर नमुना आहे. आणि बेकरीतला नमुना हवा असेल तर ‘आयन हाल्बेस रोगेनब्रोट, बिटं’, राय (rye) या धान्याचा अर्धा ब्रेड द्या. अर्धा लोफ मागायची तिकडे सर्रास पद्धत आहे. त्यावर तुम्हाला विचारतील, ‘गेश्निटेन?’ म्हणजे कापून देऊ का. आख्खाच हवा असेल तर म्हणा, ‘आम श्ट्युक’.

विशेषणाचा एकच अपवाद लक्षात ठेवा : आर्टिकल नसलेला गेनिटिव्ह. ‘ताज्या ब्रेडचा वास’ म्हणजे ‘देअर दुफ्ट फ्रिशेन ब्रोटेस’. तिथे ‘एस’ नामानेच दाखवला आहे, म्हणून विशेषण ‘एन’वर थांबतं.

‘पाव कुठे आहे?’ ‘टेबलावर आहे.’ यात ‘तो’साठी ‘एर’ म्हणायचं ना?

नाही, ‘एस’. ‘वो इस्ट दास ब्रोट? एस लीक्ट आउफ देम टिश.’ ही चूक आर्टिकलच्या चुकीपेक्षा चिवट असते. ‘दास ब्रोट’ पक्कं झालेला विद्यार्थीही पुढच्या वाक्यात मराठी ‘तो’ मनात धरून ‘एर’ म्हणून जातो. म्हणून शब्द शिकताना वहीत फक्त ‘दास ब्रोट’ लिहू नका, ‘दास ब्रोट, एस, दी ब्रोटं’ असं तिन्ही लिहा.

ब्र्योटशेन म्हणजे वेगळा शब्द आहे का?

ब्रोटचंच छोटं रूप. ‘शेन’ लावला की वस्तू लहान होते, बऱ्याचदा स्वर बदलतो आणि लिंग न चुकता नपुंसक होतं. मूळ शब्द कोणत्याही लिंगाचा असो, हा नियम कधी मोडत नाही. रूपंही सुटसुटीत : दास ब्र्योटशेन, देस ब्र्योटशेन्स, अनेकवचन दी ब्र्योटशेन, देन ब्र्योटशेन. जर्मन बेकरीच्या नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या छोट्या पावांचा गट वेगळा धरतात, आणि ब्र्योटशेन त्यात येतं. आपल्या लादीतला एक पाव आकाराने याच्या जवळचा.

पण प्रदेशानुसार याची नावं बदलतात आणि नावाबरोबर लिंगही. बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात ‘दी झेमेल’, बर्लिनमध्ये ‘दी श्रिपं’, हॅम्बुर्गकडे ‘दास रुंटश्ट्युक’. कडेचा शेवटचा काप उत्तरेत ‘देअर क्नुस्ट’, पूर्वेत ‘देअर कान्टेन’, ऑस्ट्रियात ‘दास शेर्त्सल’. यातलं काहीच पाठ करू नका. जिथे राहाल तिथलं आपोआप कानावर येईल.

जोडशब्दांत लिंग कुणाचं धरायचं?

शेवटच्या शब्दाचं. देवघर ‘ते’, कारण घर ‘ते’, पण घरमालक ‘तो’ आणि घरपट्टी ‘ती’. अगदी तसंच. ब्रोट शेवटी असेल तर ‘दास’ : दास फोल्कोर्नब्रोट (आख्ख्या धान्याच्या पिठाचा), दास बुटरब्रोट, दास आबेन्टब्रोट (संध्याकाळचं थंड जेवण, पाव आणि वर लावायचे जिन्नस). ब्रोट आधी असेल तर पुढच्याचं लिंग : देअर ब्रोटकोर्प (टोपली), दी ब्रोटदोझं (डबा), दास ब्रोटमेसर (सुरी), दी ब्रोटत्साइट (बव्हेरियातलं मधल्या वेळचं खाणं).

उल्म शहरातलं पावाचं संग्रहालय पूर्वी ‘मुझेउम देअर ब्रोटकुल्टुअर’ या नावाने ओळखलं जाई. त्यातलं ‘देअर’ पाहून पुल्लिंग समजू नका. ‘कुल्टुअर’ स्त्रीलिंगी आहे आणि स्त्रीलिंगाचा गेनिटिव्ह ‘देअर’ असतो. हीच ‘ब्रोटकुल्टुअर’, म्हणजे जर्मन पावसंस्कृती, 2014 मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाली. ज्या लोकांनी पावाला एवढा मान दिला, त्यांच्याशी बोलताना त्याचं लिंग आपण बरोबर म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीच्या परीक्षेसाठी यातलं किती लागेल?

एवन (A1), म्हणजे सगळ्यांत पहिल्या पातळीला साधारणपणे नोमिनाटिव्ह, आकुझाटिव्ह आणि दाटिव्हची ओळख पुरते, आणि लिंग व अनेकवचन पक्कं हवं. विशेषणांचे शेवट त्यानंतर येतात, गेनिटिव्ह आणखी पुढे. बेकरीत किंवा हॉटेलात कामाला जायचं असेल तर मात्र परीक्षेची वाट पाहू नका. वर दिलेली बेकरीची वाक्यं पहिल्या महिन्यातच तोंडी करा.

आज एकच गोष्ट करायची तर कोणती?

घरात ब्रेडचा डबा असेल त्यावर एक चिठ्ठी चिकटवा : ‘दास ब्रोट, एस, दी ब्रोटं, मिट देम ब्रोट, मिट देन ब्रोटेन’. डबा उघडायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. पंधरा दिवसांनी चिठ्ठी काढा आणि मिठाच्या बरणीवर ‘दास झाल्त्स’, साखरेच्या डब्यावर ‘देअर त्सुकर’ लावा.